डोकूविकी: स्पेस असलेला पत्ता जसाच्या तसा घेणारा विकी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका शीटमेटल कारखान्यात मी क्वालिटीला आहे. प्रेसवर पार्ट मारायचे, वेल्डिंग करायचं, कोटिंग बाहेरून करून आणायचं आणि गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या कंपन्यांना माल पाठवायचा, असं आमचं काम. माझ्याकडे कागदपत्रं आहेत. कंट्रोल प्लॅन (कोणतं माप कधी आणि कसं तपासायचं याचा कागद), पीएफएमईए (प्रक्रियेत काय चुकू शकतं याचा अभ्यास), वर्क इन्स्ट्रक्शन, ड्रॉइंग, गेज कॅलिब्रेशनच्या नोंदी आणि पीपॅपच्या, म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या, फायली. ज्यांनी पीपॅप भरलंय त्यांना माहीत आहे, त्यात १८ घटक असतात. म्हणजे एका पार्टचा एक फोल्डर आणि त्यात अठरा प्रकारचे कागद. आमच्याकडे तीनशेच्या आसपास पार्ट चालू आहेत. हे सगळं क्वालिटीच्या सर्व्हरवर शेअर्ड फोल्डरमध्ये राहतं आणि तिथपर्यंत माणसाला नेऊन सोडायला कंपनीच्या आतला एक विकी, म्हणजे ब्राउझरमधूनच वाचता-बदलता येणाऱ्या पानांचा संग्रह, आहे. त्या विकीबद्दल, म्हणजे डोकूविकीबद्दल, तीन वर्षं रोज वापरल्यानंतर लिहितेय.

बहुतेक ठिकाणी विकीचं कौतुक त्याच्या दिसण्यावरून आणि एडिटरवरून होतं. माझा निकष एकच आहे. प्रेसजवळच्या संगणकावर माणसाने लिंक दाबली की सर्व्हरवरची बरोबर ती फाइल त्याच्यासमोर आली पाहिजे. फाइलच्या नावात स्पेस असो, कंस असो, मराठी असो. हे ऐकायला फारच किरकोळ वाटतं. याच किरकोळ गोष्टीपायी आम्ही एक ऑडिट कसंबसं पार पाडलं होतं.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे दुसरा विकी होता. त्यातल्या फायलींच्या लिंका इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडायच्या, म्हणून कुणी कधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररचा सपोर्ट संपला, आमच्या शॉप फ्लोअरवरच्या संगणकांवर नवे ब्राउझर आले, आणि दोन आठवड्यांत सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे प्रमाणपत्र टिकवण्यासाठीची नियमित तपासणी, होतं. ऑडिटर प्रेस क्रमांक ४ वर थांबले आणि ऑपरेटरला म्हणाले, या पार्टचा चालू कंट्रोल प्लॅन दाखवा. त्याने लिंक दाबली. काहीच झालं नाही. एरर नाही, नवी खिडकी नाही, काही नाही. त्याने पुन्हा दाबली. मग आमचे प्रेस शॉपचे सुपरवायझर काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, हे दाबलं की काहीच होत नाही, पंधरा दिवस झाले. पोरं ड्रॉवरमधली प्रिंट बघतात."

ड्रॉवरमधली प्रिंट रेव्हिजन ०३ ची होती. सर्व्हरवर रेव्हिजन ०५ चालू होती. मधल्या काळात भोकाच्या व्यासाची तपासणी दर तासाऐवजी दर अर्ध्या तासाने करायचं ठरलं होतं आणि ते फक्त रेव्हिजन ०५ मध्ये होतं. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकातलं ७.५.३ हे कलम सांगतं की कागद जिथे लागतो तिथे आणि जेव्हा लागतो तेव्हा मिळाला पाहिजे. आम्हाला मायनर नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे छोट्या त्रुटीची नोंद, मिळाली, आणि ती योग्यच होती. ऑपरेटरची त्यात काडीचीही चूक नव्हती. त्याने दोनदा लिंक दाबून पाहिली होती.

त्या रात्री मी घरी बसून लिंका तपासायला घेतल्या आणि लक्षात आलं की गाठी दोन आहेत. पहिली ब्राउझरची, तिच्याकडे नंतर येते. दुसरी जुनी होती, इंटरनेट एक्सप्लोरर चालू असतानाही होती: बऱ्याच लिंका नावातल्या पहिल्या स्पेसपाशीच तुटलेल्या होत्या. "कंट्रोल प्लॅन" नावाच्या फोल्डरमधला फक्त "कंट्रोल" हा शब्द निळा, आणि "प्लॅन"पासून पुढचं सगळं काळं, साधा मजकूर म्हणून शेजारी पडलेलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वेबवरच्या पत्त्यात स्पेस चालतच नाही, २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेट मानकात पत्त्याचे जे नियम आहेत त्यांत तिला जागा नाही. स्पेस लिहायची असेल तर तिच्याऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे वीस, म्हणजे %२०, लिहावं लागतं. संगणकाच्या आस्की या अक्षरसंचात स्पेसचा क्रमांक ३२, आणि हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटात मोजलं तर, ३२ म्हणजे २०, तिथून ते वीस आलं. शिवाय काही विकींमध्ये चौकटी कंसात आधी पत्ता, मग स्पेस, मग दाखवायचं नाव असं लिहायची पद्धत आहे. म्हणजे तिथे स्पेस हीच पत्ता संपल्याची खूण. विंडोजच्या फोल्डरचा पत्ता तिथे चिकटवला की पहिल्या शब्दावरच तो संपतो.

"मग फायलींना स्पेस न ठेवता नावं द्या" हा सल्ला मला त्या काळात निदान दहा जणांनी दिला. मी तो मनावर घेऊन एक फोल्डर बदलूनही पाहिला. चाळीस फायली, सगळीकडे स्पेसच्या जागी खालची रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्पॅचमधून फोन, त्यांची एक्सेल शीट माझ्या शीटमधून आकडे उचलत होती आणि ती रिकामी झाली होती. टूल रूमची शीटही तशीच. एका एक्सेलमधून दुसरीत जाणारे दुवे फाइलच्या नावावर टेकलेले असतात हे मला माहीत होतं, पण किती शीट एकमेकींत गुंतल्यात याचा अंदाज नव्हता. सगळी नावं परत पहिल्यासारखी केली. आणि मला ते बरंच वाटलं, कारण माणूस बोलतो तसंच नाव देतो. "पार्ट ११४ वेल्डिंग फिक्स्चर दुरुस्तीनंतर" असं नाव दिसलं की आत काय आहे ते रात्रपाळीच्या माणसालाही कळतं. नावं माणसांसाठी असतात, ती विकीने सांभाळून घ्यायला हवीत.

डोकूविकी इथे कामी आला.

त्याची ओळख थोडक्यात. जर्मनीच्या आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये तो लिहायला घेतला. मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल २ परवाना, पैसे लागत नाहीत. त्याला डेटाबेस लागत नाही, पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा चालणारा कुठलाही संगणक पुरतो. आम्ही अकाउंट्समधून निवृत्त झालेला एक डेस्कटॉप घेतला, त्यावर लिनक्स टाकलं, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आयटीच्या मुलाने दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर सुरुवात केली आणि चहापर्यंत विकी उभा होता. मेनू आणि बटणांना मराठी भाषांतर आहे. सगळीकडे सारखं चांगलं नाही, पण स्टोअरमधल्या दोघांनी आल्या आल्या तेच निवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. नेटवर्कवरच्या फाइलची लिंक यात अशी लिहितात:

[[\\क्वालिटी\कंट्रोल प्लॅन\प्रेस शॉप\पार्ट ११४ रेव्ह ०५.एक्सएलएसएक्स|पार्ट ११४ चालू कंट्रोल प्लॅन]]

दोन चौकटी कंस, आत विंडोजमधून उचललेला पत्ता जसाच्या तसा, बॅकस्लॅशसकट, स्पेससकट. मग उभी रेघ आणि दाखवायचं नाव. इथे पत्ता संपल्याची खूण उभी रेघ आहे, आणि विंडोज फाइलच्या नावात उभी रेघ घेतच नाही, त्यामुळे दोघांची टक्कर कधी होत नाही. मला ही रचना फार आवडली. कुणाला %२० शिकवावं लागलं नाही. आतल्या आत डोकूविकी सगळे बॅकस्लॅश साध्या तिरक्या रेघांमध्ये (/) बदलतो, पुढे फाइल, कोलन आणि तीन तिरक्या रेघा जोडतो. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन धरून त्या पाच होतात. फायरफॉक्सला बरोबर या पाचच लागतात. जुन्या विकीत आम्ही त्या दोन लिहीत होतो, कारण इंटरनेट एक्सप्लोरर दोनवरही चालवून घ्यायचा. स्पेसचं %२० ब्राउझर स्वतः करून घेतो. अशा लिंकच्या आधी एक छोटं वेगळं चित्र येतं, त्यामुळे ही विकीतलं पान उघडेल की सर्व्हरवरची फाइल हे दाबायच्या आधीच कळतं.

यातली एक अट मात्र पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा: कंस घालायचेच. डोकूविकी उघडा लिहिलेला पत्ताही ओळखतो आणि त्याची आपोआप लिंक करतो, पण उघडा पत्ता स्पेसपाशी तुटतो. म्हणजे पुन्हा तेच, अर्धं निळं, अर्धं काळं. आमच्या पहिल्या महिन्यातल्या नव्वद टक्के तक्रारी एवढ्याच होत्या. मी मुख्य पानावर वरच एक नमुना लिहून ठेवला, तो कॉपी करायचा आणि आतला पत्ता बदलायचा. तेव्हापासून हा प्रश्न जवळपास मिटला.

पत्ता उचलायचा कसा, यातही एक खाच आहे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून फाइलवर राइट क्लिक केलं की "कॉपी ॲज पाथ" मिळतं, विंडोज ११ मध्ये ते शिफ्टशिवायही दिसतं. त्यातून आलेल्या पत्त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं असतात, ती काढायची. आणि तुमच्याकडे तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल तर पत्ता झेड आणि कोलनपासून सुरू होतो. हा पत्ता विकीत घालू नका. माझा झेड ड्राइव्ह म्हणजे टूल रूमचा वाय ड्राइव्ह आहे आणि डिस्पॅचकडे तो जोडलेलाच नाही. डोकूविकीत तर कोलन म्हणजे पानांचा विभाग पाडणारी खूण, त्यामुळे झेड कोलनने सुरू होणारा पत्ता त्याला आपलंच एखादं पान वाटतं आणि दाबल्यावर "हे पान अजून नाही, तयार करायचंय का" असं विचारतो. नेहमी दोन बॅकस्लॅश आणि सर्व्हरच्या नावापासून सुरुवात करायची. त्या दोन बॅकस्लॅशनंतर चुकून स्पेस पडली तर आणखी वेगळंच होतं, कारण डोकूविकीत दोन बॅकस्लॅश आणि स्पेस म्हणजे नवी ओळ. पान मधूनच तुटलेलं दिसलं की मी आधी तिथे बघते.

"मग फायली थेट विकीतच का नाही चढवत?" हेही विचारतात. करता येतं. पण चढवताना डोकूविकी नावातल्या स्पेसच्या खालच्या रेघा करतो, इंग्रजी मोठी अक्षरं छोटी करतो, आणि पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीची आहे, ती वाढवल्याशिवाय आमचं एकही थ्रीडी ड्रॉइंग आत जाणार नाही. ही कारणं दुय्यम आहेत. खरं कारण म्हणजे चढवली की फाइल दोन ठिकाणी झाली. एक विकीत, एक सर्व्हरवर. दोन प्रती झाल्या की त्यातली एक जुनी होतेच, आणि प्रेस ४ च्या ड्रॉवरमध्ये जे झालं ते पुन्हा होतं. लिंक नेहमी मूळ फाइलकडेच नेते, म्हणून मला लिंकच हवी.

आता ब्राउझर. इथे डोकूविकीच्या हातात फारसं काही नाही, आणि हे आधी कळलं तर बरं. क्रोम आणि फायरफॉक्स वेबपानावरच्या लिंकवरून संगणकातली किंवा नेटवर्कवरची फाइल उघडू देत नाहीत. त्यामागे कारण आहे. कुणी फसव्या पानावर स्वतःच्या सर्व्हरची अशी लिंक ठेवली आणि तुम्ही ती दाबली, तर विंडोज त्या अनोळखी सर्व्हरशी ओळख पटवायला जातो आणि तुमच्या लॉगिनचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) त्याला देऊन बसू शकतो. म्हणून ब्राउझर अशा लिंकवर गप्प बसतो. प्रेस ४ वर काहीच झालं नाही ते यामुळे. नोंद होते, पण ती डेव्हलपरसाठी असलेल्या कन्सोलमध्ये, जिथे ऑपरेटर कधी जाणार नाही.

डोकूविकी निदान एक खिडकी दाखवून सांगतो की अशा लिंका फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतात, तुम्ही पत्ता कॉपी करून घेऊ शकता. सूचना जुन्या काळातली आहे, पण ऑपरेटरला काहीतरी कळतं आणि तो मला फोन करतो, हे माझ्यासाठी मोलाचं. लिंका चालू झाल्यावर ही खिडकी नको वाटली तर भाषेच्या सेटिंगमध्ये त्या सूचनेची ओळ रिकामी ठेवायची, ती दिसणं बंद होतं.

आमच्याकडे लिंका चालू झाल्या त्या मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमुळे. त्यात आवृत्ती ९५ पासून कंपन्यांसाठी एक पॉलिसी (सगळ्या संगणकांना एकदम लावायची सेटिंग) आहे, इंट्रानेटफाइललिंक्सएनेबल्ड नावाची. ती चालू केली की इंट्रानेट झोनमधल्या, म्हणजे विंडोज कंपनीच्या आतल्या मानतो त्या, साइटवरच्या फाइल लिंका विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये उघडतात. दोन अटी: साइट इंट्रानेट झोनमध्ये घातलेली हवी आणि ती एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, हवी. आमचा विकी साध्या एचटीटीपीवर होता. आयटीच्या मुलाने पॉलिसी लावली, संगणक बंद करून चालू केले, आणि काही हललं नाही. पूर्ण एक दिवस आम्ही स्पेसवर, पाच रेघांवर, सर्व्हरच्या परवानग्यांवर संशय घेत होतो. संध्याकाळी त्याने पॉलिसीचं वर्णन परत वाचलं आणि एचटीटीपीएस हा शब्द दिसला. दुसऱ्या दिवशी आतल्या वापरापुरतं सर्टिफिकेट बनवून ते सगळ्या संगणकांवर पोचवलं, आणि पहिल्या क्लिकला फोल्डर उघडला. लिंक दाबल्यावर थेट एक्सेल उघडत नाही, एक्सप्लोररची खिडकी येते आणि तिथून फाइल उघडायची. एक क्लिक जास्त. माणसांना आठवड्यात सवय झाली.

फायरफॉक्सच वापरायचा असेल तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ठरावीक साइटला अशा लिंकांची मुभा देता येते. क्रोमसाठी एक्स्टेन्शन मिळतात. मी शॉप फ्लोअरच्या चौदा संगणकांवर एक्स्टेन्शन सांभाळायच्या भानगडीत पडले नाही, एज तर विंडोजबरोबर आलेलाच असतो.

ज्यांच्याकडे मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो तो) आहे त्यांनी सगळं बदलायची गरज नाही. तिथे फाइल या प्रकारचे पत्ते मुळात परवानगीच्या यादीत नसतात, ते सेटिंगमध्ये जोडावे लागतात. आणि स्पेसच्या जागी %२० हवंच, कारण तिथे स्पेसनंतर लिंकचं नाव सुरू होतं. हाताने लिहायला नको असेल तर एक साचा (टेम्प्लेट) बनवा. पार्सर फंक्शन्स या एक्स्टेन्शनची स्ट्रिंग फंक्शन्स चालू करा, त्यातलं रिप्लेस वापरा. तिथे शोधायच्या शब्दाची जागा रिकामी सोडली की ते स्पेसच शोधतं. स्पेस लिहायचा प्रयत्न करू नका, विकी ती कापून टाकतो, रिकामंच सोडायचं. यूआरएलएनकोड नावाचं तयार फंक्शनही आहे, पण ते पाथसाठीच्या पर्यायात तिरक्या रेघांचंही सांकेतिक रूप करून टाकतं, म्हणून पूर्ण पत्ता त्यातून काढू नका.

डोकूविकीतही सगळीच चिन्हं पार होत नाहीत. फाइलच्या नावात # असेल तर ब्राउझर तिथे पत्ता संपला असं धरतो. आमच्या टूल रूममध्ये डायला "डाय #७" म्हणायची आणि लिहायची पद्धत होती, ती "डाय क्र ७" करावी लागली. सगळ्या प्रकरणात एवढीच नावं मी बदलायला लावली. टक्क्याच्या चिन्हाचंही जपून, त्यानंतर दोन आकडे आले तर ब्राउझरला ते सांकेतिक अक्षर वाटू शकतं. आणि एक त्रास डोळ्यांना दिसतच नाही: नावात सलग दोन स्पेस. वेबपानावर दोन स्पेसची एकच दिसते, मग कुणी पानावर दिसणारं नाव बघून पत्ता लिहिला की तो चुकतो. मी एका फाइलसाठी अर्धा तास घालवला आणि शेवटी बाण कळीने एकेक अक्षर चालत गेले तेव्हा "फिक्स्चर" आणि "दुरुस्ती"च्या मध्ये बाण दोनदा थांबला.

मराठी नावांचंही सांगायला हवं, कारण कुणी सांगत नाही. सर्व्हरवरच्या मराठी नावाच्या फायलींना काही अडचण नाही. पण डोकूविकीच्या स्वतःच्या पानाचं नाव मराठी ठेवलंत तर मूळ सेटिंगमध्ये तो डिस्कवर ते टक्क्याच्या सांकेतिक रूपात लिहितो. देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार यांना प्रत्येकी तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन चिन्हं, म्हणजे एका अक्षराला नऊ. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच जातं. पंचवीसेक अक्षरं-मात्रांच्या पुढे पान सेव्ह होण्यात अडथळे येतात. "वेल्डिंग स्टेशन तीनची कामाची सूचना" हे नाव म्हणूनच जात नव्हतं. कॉन्फिगरेशनमध्ये फाइलनावाची पद्धत यूटीएफ-८ करा, मग एका अक्षराला तीनच बाइट लागतात. पानं बनवायला लागण्यापूर्वीच हे करा, नंतर केलं तर आधीची पानं सापडत नाहीत.

उणी बाजूही मोठी आहे. लिंकच्या पलीकडची फाइल तिथे आहे की नाही हे डोकूविकी तपासत नाही. कुणी फोल्डर हलवला तर लिंक मेलेली, आणि पानावर ती तशीच निळी दिसत राहते. विकीतल्या न बनलेल्या पानाची लिंक लाल दिसते, तशी सोय इथे नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रेस आणि वेल्डिंगच्या पानांवरच्या लिंका स्वतः दाबून पाहते. तसंच, पानाच्या जुन्या आवृत्त्या तो सांभाळतो, पण त्या पानाच्या. एक्सेलमध्ये काय बदललं याची नोंद त्याच्याकडे नसते.

पण गेल्या वर्षी सर्व्हर बदलला तेव्हा याच विकीने मला वाचवलं. नव्या सर्व्हरला नवं नाव, म्हणजे सगळ्या लिंका एका रात्रीत मेल्या. डोकूविकीची पानं म्हणजे साध्या टेक्स्ट फायली, एका फोल्डरमध्ये ओळीने ठेवलेल्या. मी त्या सगळ्यांची आधी प्रत काढली, नोटपॅड प्लस प्लसमध्ये "फाइंड इन फाइल्स" घेतलं, जुनं नाव, नवं नाव, आणि बाराशेच्या वर लिंका काही सेकंदांत बदलल्या. नंतर पानांच्या इतिहासात तो बदल बाहेरून झालेला म्हणून नोंदलेला दिसला, तेही बरोबर आहे. डेटाबेसमध्ये अडकलेली पानं असती तर हे मी एकटीने केलं नसतं. त्यानंतर आयटीच्या मुलाने डीएफएस नेमस्पेस, म्हणजे शेअर्ड फोल्डरना मशीनपासून वेगळा पत्ता देणारी विंडोजची सोय, लावून दिला, आता पत्त्यात मशीनचं नाव नसतं, पुढच्या वेळी सर्व्हर बदलला तरी लिंका तशाच राहतील. लिंका लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच ते करून घ्या.

मोबाइलवर आणि टॅबवर या लिंका चालत नाहीत. आमचे मालक टॅब घेऊन फ्लोअरवर फिरतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, माझ्याकडे का उघडत नाही. त्यांना मी जवळच्या संगणकापाशी नेते.

यंदाच्या ऑडिटला ऑडिटर परत प्रेस ४ वर थांबले होते. त्या पाळीला नवाच मुलगा होता, येऊन पंधरा दिवस झालेला. त्याने पार्टचं पान उघडलं, "चालू कंट्रोल प्लॅन" दाबलं, खिडकीतून फाइल उघडली आणि स्क्रीन ऑडिटरकडे वळवली. रेव्हिजन ०७. काका शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त ड्रॉवर उघडून दाखवला. आत व्हर्नियर आणि गो-नोगो गेज होता, कागद एकही नव्हता.